नाखव्यांची बोटं

आमच्या दुकानात गिऱ्हाइकं माल घ्यायला येतात. नाखवा माल नापास करायला यायचे.

कल्याणच्या जुन्या बाजारात वडिलांनी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान काढलं, ते आता मी चालवते. बी.कॉम. झाल्यावर तात्पुरती म्हणून काउंटरवर बसले, ती अजून बसलेलीच आहे. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक गृहस्थ आत आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळ्याभोर रंगवलेल्या मिशा, मनगटात सोन्याचं कडं. मला वाटलं, निवडणुकीची वर्गणी मागायला आलेत. त्यांनी तीन सिलिंडरच्या इंजिनाचा स्लीव्हचा सेट मागितला.

स्लीव्ह म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवायची बिडाची जाडजूड नळी. तिच्यात पिस्टन वरखाली पळतो. वर्षानुवर्षं पळून नळी झिजली की इंजिन धूर ओकायला लागतं, ऑइल प्यायला लागतं आणि चढावर मान टाकतं. मग इंजिन खोलायचं, जुन्या स्लीव्ह उपसून काढायच्या आणि नव्या बसवायच्या. ट्रॅक्टर पुन्हा कामाला लागतो.

गृहस्थांनी खोक्यातली पहिली स्लीव्ह काढली, बोटावर टांगली आणि खिशातल्या किल्लीने टिचकी मारली. टण्ण असा आवाज दुकानभर झाला. मग डोळे मिटले आणि अनामिका आतून फिरवली, हळूहळू, वरून खाली. दुसरीचं तेच. तिसरीशी पोचेपर्यंत मागे चार गिऱ्हाइकं जमली होती.

"ही नको," ते म्हणाले.

"का? काय झालं तिला?"

"नको म्हंजे नको. हिच्यात कायतरी हाय."

"काय आहे?"

"ते तुझ्या कंपनीला इचार."

मी वाद घालणार, तेवढ्यात आतून वडील ओरडले, "अगं, दुसरी दे त्यांना. नाहीतर संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहतील. नाखवा आहेत ते."

त्यांचं खरं नाव हरेश्वर कोळी. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. नाखवा म्हणजे बोटीचा कारभारी, पण हे नाखवा तरुणपणीच बोटीवरून उतरले होते. वडिलांच्या बोटीवर असताना सगळे जाळ्याकडे बघायचे आणि हे फळीखालच्या इंजिनाकडे. शेवटी वडिलांनीच सांगितलं, तू जमिनीवरच जा बाबा, तिथे इंजिनं जास्त आहेत. मग त्यांनी माजिवड्याला रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "बोटीत पानी बाहेर ठेवायचा, इंजनात पानी आत ठेवायचा. धंदा तोच हाय." नवं गिऱ्हाईक आलं की ते हे ऐकवत आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखे स्वतःवर खूश होत.

खूश होणं त्यांना छान जमायचं. नाखवांइतका स्वतःवर प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. मापं घ्यायच्या उपकरणांवर त्यांचा विश्वास नव्हता. "ज्याच्या बोटांत अक्कल नाय, त्यानं मीटर घ्यावा," म्हणायचे. सर्दी झाली की डिझेलच्या डब्यापाशी बसून दीर्घ श्वास घ्यायचे आणि बरं वाटल्याचं सांगायचे, शिंकता शिंकता. बॅटरीच्या गाड्या येत्या दिवाळीपर्यंत बंद पडणार असं त्यांचं भाकीत होतं. दिवाळ्या येऊन गेल्या, भाकीत पुढच्या दिवाळीवर ढकललं गेलं, पण त्यांचा सूर काही उतरला नाही.

त्यांची बहीण जनाबाई वर्तकनगरच्या बाजारात मासळी विकायची. एकदा मी मावशीकडे गेले होते, तेव्हा मावशी मला मासळी घ्यायला जनाबाईकडेच घेऊन गेली. एका बाईंनी पापलेट बघायला बर्फ बाजूला केला, तर खाली चार स्लीव्ह निवांत झोपलेल्या. काही इंजिनांत स्लीव्ह इतकी घट्ट बसते की ती दाबयंत्राने आत रेटावी लागते. नाखवांकडे ते यंत्र नव्हतं. पण थंडीने लोखंड आकसतं हे त्यांना ठाऊक होतं आणि घरात बर्फ-मिठाची पेटी होती. त्या बाईंनी सवयीने विचारलं, "ताजं आहे ना?" जनाबाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "ता भावाचा हाय. तुमी पापलेट बगा." थोड्याच वेळात नाखवा स्कूटरवरून आले, स्लीव्ह ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि माजिवड्याकडे सुटले. स्लीव्ह अलगद बसल्या म्हणे. फक्त इंजिन तापलं की पुढे किती दिवस बोंबलाचा वास यायचा, अशी मालकाची तक्रार होती. नाखवांचं म्हणणं, वास फुकट दिला, त्यात तक्रार कसली.

इतकं सगळं खेळीमेळीचं असलं, तरी स्लीव्ह बसवण्याच्या दिवशी ते वेगळेच असायचे. आदल्या दिवशी नखं कापायची. सकाळी कपड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, फोन डब्यात ठेवायचा आणि हाताखालच्या सगळ्यांना दाराबाहेर काढायचं. त्यांच्याकडे चांगले मेकॅनिक येऊन गेले, पण कुणी टिकलं नाही, कारण स्लीव्हला नाखवांशिवाय कुणी हात लावायचा नाही हा नियम होता. मी एकदा म्हटलं, "तुमच्यानंतर कोण बसवणार?" तर म्हणाले, "माझ्यानंतर ट्रॅक्टर ऱ्हायले तर ना." मला तेव्हा हसू आलं होतं. पण आपलं काम आपल्याबरोबर संपणार, हे त्यांनी मनातून धरूनच ठेवलं होतं, आणि त्याचं त्यांना सुख वाटायचं की दुःख, हे मला कधी कळलं नाही.

माजिवड्याला पुलाचे खांब आले आणि गॅरेज गेलं. त्यांनी ज्यांचे ट्रॅक्टर खोलून पुन्हा बांधले होते त्यांतल्या आंबिवलीच्या एका आगरी शेतकऱ्याने आपल्या शेताच्या कोपऱ्यातली शेड त्यांना दिली. तो शेतकरी पुढे वारला, पण त्याची सून मंजुळाताई भोईर हिने नाखवांना जा म्हटलं नाही. सासऱ्याचा ट्रॅक्टर तीच चालवायची. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवायचा आणि बसायचं. पावसाळ्यात आसपासच्या शेतांची चिखलणी, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, गणपतीत सगळ्या आळीचं विसर्जन. नवरा महापालिकेत नोकरीला, त्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही माहीत नव्हतं. ताई कमी बोलायची. नाखवांच्या बढाया चालू असल्या की ती शेडच्या बाहेर आपलं काम करत राहायची, आणि त्यामुळे नाखवा आवाज वाढवायचे.

मग त्यांच्या रक्तात साखर निघाली. चहातली साखर त्यांनी सोडली नाही. इंजिनाला ऑइल लागतं, एवढंच उत्तर.

एक दिवस दुकानात बसलेले असताना चहावाल्याने उकळता चहा काचेच्या ग्लासांत आणून ठेवला. आम्ही सगळ्यांनी ग्लास वरच्या काठाला दोन बोटांनी धरले. नाखवांनी पूर्ण मुठीत धरला आणि बॅटरीच्या गाड्यांचा विषय पुढे नेला. चहावाला बघतच राहिला.

"चटका नाही बसत?" मी विचारलं.

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग तो खाली ठेवला आणि म्हणाले, "सवय हाय." तळहात लाल झाला होता. त्यानंतर ते चहा बशीत घ्यायला लागले.

आणखीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांच्याकडून माल पास व्हायला लागला. टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे, डोळे मिटून बोट फिरवायचे, पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरवायचे, आणि म्हणायचे, "दे. चालंल." तिन्हीच्या तिन्ही. पहिल्यांदा मला बरं वाटलं, किटकिट गेली. मग बरं वाटेनासं झालं. बोटं हीच त्या माणसाची सगळी इस्टेट होती, आणि ती चालली होती. विचारायची हिंमत मात्र मला झाली नाही.

त्याच उन्हाळ्यात मंजुळाताईचा ट्रॅक्टर बसला. काळा धूर, अंगात जोर नाही. कंपनीनं ते मॉडेल बंद करून जमाना झाला होता. आमच्या माळ्यावर त्याच्या स्लीव्हचा एकच सेट उरला होता, तेलकट कागदात गुंडाळलेला. मी चार ठिकाणी फोन करून खात्री केली, दुसरा कुठे नव्हता. सेट न्यायला ताई स्वतः आली. नाखवांसमोरच म्हणाली, "ह्या बसल्या नाय तर मंग भंगारवाला हाय. तो कवाचा फेऱ्या मारतोय."

"मी असताना?" नाखवा म्हणाले. पण नेहमीची बढाई पुढे आली नाही.

त्या इंजिनाची जात वेगळी. त्यात स्लीव्हच्या भोवती पाणी खेळतं. ते पाणी खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून स्लीव्हच्या खालच्या अंगाला रबराच्या रिंगा चढवतात. ब्लॉकमध्ये जिथे त्या टेकतात, ती जागा गंज खरवडून अगदी गुळगुळीत करावी लागते. कणभर गंज राहिला तरी रिंग कापली जाते आणि पाणी वाट काढतं. म्हणून पिस्टन घालण्याआधी नाखवा ब्लॉकमध्ये पाणी भरायचे, खाली वर्तमानपत्र पसरायचे आणि तसंच रात्रभर सोडायचे. सकाळी कागद कोरडा असला की पुढचं काम. आपला कागद कधी भिजला नाही, असं ते सांगायचे, आणि ही बढाई मात्र खरी होती.

स्लीव्ह बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला मंजुळाताईचा फोन आला. "ताई, पेपर भिजलाय. नाखव्यांनी मधली स्लीव्ह उपसून बगितली, तिची रिंग खिशात टाकली आन निगून गेले."

तासाभराने ते माझ्या दुकानात होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"तुझ्या रिंगा खराब हायेत," ते म्हणाले.

"त्याच खोक्यातल्या रिंगा तुम्ही मागच्या महिन्यात नेल्या होत्या."

"मंग ह्या खराब निगाल्या."

"नाखवा, काढा ना एक. दाखवा मला काय खराब आहे ते."

त्यांनी खिशातून कापली गेलेली रिंग काढली, काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर बोट फिरवत राहिले. फिरवत राहिले. मग दोन्ही हात काउंटरवर उपडे ठेवले.

"लागत नाय, बाय," ते म्हणाले. "काय पन लागत नाय. गंज हाय का लोखंड हाय का हवा हाय, सगला सारखाच."

त्या हातांवर हात ठेवावासा वाटला, पण त्यांना तेही कळलं नसतं, हे मनात आलं. मी विचारलं, "मंजुळाताईला सांगितलंत?"

"तिला काय सांगू? तिचा सासरा मना जागा देऊन गेला."

मी नव्या रिंगा पिशवीत टाकल्या, दुकान नोकरावर सोपवलं आणि त्यांना रिक्षात घातलं. आम्ही शहाड ओलांडलं. मग ते म्हणाले, "तूच सांग तिला."

"मी नाही सांगणार."

"शेठाणी झालीस तू," ते म्हणाले.

शेडवर पोचल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मग पुढच्या टायरात हवा कमी असल्याचं सांगितलं. मग अंगणातल्या कोंबड्या फार झाल्यात असं मत दिलं. मंजुळाताई कमरेवर हात ठेवून उभी होती. शेवटी त्यांनी जमिनीकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं.

ती भडकली. "मंग इतके दिवस आमच्या गाड्या तुमी अंदाजानं बांदत व्हता? आन आमाला सांगत व्हता हात लावू नका?"

"हा," नाखवा म्हणाले.

एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नसावं. मग शर्टाच्या बाह्या वर सारत म्हणाली, "साबन कुठं हाय?"

नाखवांनी तोंड उघडलं, नियम जिभेवर आला असणार. तो त्यांनी गिळला आणि साबणाच्या डब्याकडे मान हलवली.

जी गळत होती ती मधली स्लीव्ह नाखवांनी सकाळीच उपसून ठेवली होती. सुदैवाने तिला तडा गेला नव्हता. मंजुळाताईने ब्लॉकच्या भोकात हात घातला. नाखवा बाजूला उकिडवे बसले.

"खाली जा. अजून खाली. तिथं कड लागंल. तिच्यावरनं बोट फिरव. कसा लागतंय?"

"खरखरीत."

"खरखरीत म्हंजे किती?"

आता किती म्हणजे काय सांगणार? ती विचारात पडली. नाखवांना मापाचे आकडे येत नव्हते आणि तिलाही नव्हते. मग ती म्हणाली, "रवा लागतोय. जाडा रवा."

नाखवांचा चेहरा बदलला. "कुठं?"

"पाठीमागच्या अंगाला. पुढं गुळगुळीत हाय."

"तिथंच कापली रिंग. घास. पॉलिश पेपर घे, ओला कर, आन घास."

तिने घासलं. पुन्हा बोट घातलं. "बारीक रवा."

"घास."

"पीठ. तांदळाचा पीठ."

"पीठ पन नको. परातीसारका लागला पायजे."

असं बराच वेळ चाललं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की नाखवांनी डोळे मिटलेले आहेत. ती बोट फिरवत होती आणि त्यांची अनामिका गुडघ्यावर त्याच गतीने फिरत होती. रवा, पीठ, परात. त्यांना गेले कित्येक महिने ज्याचा पत्ता नव्हता, ते तिच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

"परात," ती शेवटी म्हणाली.

मग नव्या रिंगा. ताईने तेलाची बाटली उचलली, तशी त्यांनी अडवली. "रबराला तेल नाय. फुगतो त्यो. साबनाचा पानी लाव." स्लीव्ह सरळ धरायला लावली, दोन्ही अंगठे काठावर सारखे ठेवायला लावले. "हातोडा नाय. जोर पन नाय. तिची ती जाईल. नाय गेली तर तिला कायतरी सांगायचा हाय, बाहेर काढ." पहिल्यांदा ती वाकडी शिरली, बाहेर काढली. दुसऱ्यांदा गेली. वरची कड ब्लॉकच्या किंचित वर उभी राहायला हवी, ती तिने नखाने तपासली. "नख अडकतंय," म्हणाली. "जरासाच." नाखवांनी मान डोलावली. बाकीच्या दोन्हीही त्यांनी उपसायला लावल्या आणि पुन्हा बसवून घेतल्या. आता त्यांना आपल्या कुठल्याच कामाची खात्री उरली नव्हती, आणि ते तसं मोकळेपणाने म्हणाले. मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर वर्तमानपत्राचा फोटो आला. त्यावरचं राशिभविष्यसुद्धा मला वाचता येत होतं.

आठवड्याने इंजिन चालू झालं तेव्हा मी मुद्दाम गेले. आधी पांढरा धूर, मग खोकला, मग तो जुना भरदार आवाज. नाखवा पुढे झाले आणि ब्लॉकवर हात ठेवायच्या ऐवजी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवला. तिथे अजून लागत होतं. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मंजुळाताई सीटवर बसली होती आणि तिने इंजिन बंद केलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत आंबिवलीच्या त्या शेडमध्ये पूर्वीपेक्षा जास्त इंजिनं आली. नाखवांच्या बढायांना नवा विषय मिळाला. दुकानात येऊन आता ते ताईचीच जाहिरात करायचे, वर असंही सुचवायचे की ही बोटं शोधून काढणारा कोण, हे लोकांनी विसरू नये. माल पुन्हा नापास व्हायला लागला. ताई खोक्यातल्या स्लीव्हमध्ये बोट घालून "नको" म्हणायची, मी "का" विचारलं की "कंपनीला इचारा" असं नाखवा मागून सांगायचे. ताई टँकर आणि चिखलणी सांभाळून हे करायची. तिच्या हातून दोन इंजिनं बिघडली, तीही तिने निस्तरली. साखर काही उतरली नाही आणि चहाही सुटला नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नाखवा गेले, झोपेतच. त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं.

टिटवाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचं इंजिन शेडमध्ये उघडं पडलं होतं, त्याचा सेट पोचवायला मी गेले होते. नाखवा दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पाठ शेडकडे आणि तोंड रस्त्याकडे. मला वाटलं, दोघांचं काही बिनसलंय. मी बोलायला गेले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आत मंजुळाताई ब्लॉकवर वाकली होती. ती काही सांगत नव्हती. रवा नाही, पीठ नाही. नाखवाही काही विचारत नव्हते. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, कुणीतरी त्यांना हात केला, त्यांनी बघितलंच नाही. मग आत स्लीव्ह खाली जाऊन टेकल्याचा बारीकसा आवाज आला.

नाखवांनी मान वळवली नाही. खुर्चीत जरा मागे रेलून पाय लांब केले आणि रस्त्याकडेच बघत म्हणाले, "दुसरी घे."